पुनरुज्जीवन



यंदाच्या स्मरणिकेसाठी "तुम्ही डॉक्टर आहात, तेव्हा आरोग्यावर काहीतरी लिहा" असा प्रेमळ निरोप आला. मधुमेह आणि कोलेस्टेरॉल यांवर दर वर्षी कोणी ना कोणी लिहितेच, आणि ते लेख वाचून कोणी एक मोदक कमी खाल्ल्याचे माझ्या पाहण्यात नाही. म्हणून या वेळी आजारावर न लिहिता एका शब्दावर लिहिते. शब्द आहे 'पुनरुज्जीवन'.

मराठी वर्तमानपत्र उघडले की हा शब्द भेटतोच. बंद पडलेल्या साखर कारखान्याचे पुनरुज्जीवन, कोरड्या नदीचे पुनरुज्जीवन, निवडणुकीत आपटलेल्या पक्षाचे पुनरुज्जीवन. नाटकांच्या जाहिरातींत तर तो मुरलेलाच आहे. २०१० साली अभिनेते सुनील बर्वे यांनी गाजलेली जुनी नाटके नव्या संचात, मोजून पंचवीस प्रयोगांसाठी रंगमंचावर आणायला सुरुवात केली, तेव्हा त्या उपक्रमाला नाव दिले होते 'हर्बेरियम'. हर्बेरियम म्हणजे वनस्पती वाळवून, कागदावर चिकटवून जपलेला संग्रह. मला ते नाव फार प्रामाणिक वाटले. आम्ही झाड पुन्हा लावत नाही, त्याची पाने तुम्हाला पाहायला मिळतील एवढी सोय करतो, असे त्यात आधीच सांगून टाकले होते.

आणि आमच्या ओल्ड एअरपोर्टचे काय सांगावे! विमाने डोक्यावरून घोंघावत होती तेव्हाही या भागाला 'मतार कदीम', म्हणजे जुना विमानतळच म्हणत. २०१४ च्या एप्रिल-मे महिन्यांत सगळी प्रवासी उड्डाणे नव्या हमद विमानतळावर गेली आणि नाव अधिकच खरे झाले. पुढे २०२२ मध्ये फुटबॉलचा विश्वचषक आला. आसपासच्या देशांतून रोज ये-जा करणाऱ्या प्रेक्षकांसाठी त्याच जुन्या विमानतळाचे दिवे सप्टेंबरमध्ये पुन्हा लागले. स्पर्धा संपली, वर्दळ थांबली. त्याला कोणी पुनरुज्जीवन म्हणाले, कोणी तात्पुरती डागडुजी. मला विचाराल तर इमारती उभ्या होत्या, धावपट्टी मोडीत काढलेली नव्हती, म्हणून ते जमले. जे पूर्ण मेलेले नव्हते तेच उठले. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शब्दाची फोड सोपी आहे. पुनर्, उत् आणि जीवन. पुनर् म्हणजे पुन्हा आणि उत् म्हणजे वर. नुसते 'पुन्हा जगणे' एवढाच अर्थ हवा असता तर 'पुनर्जीवन' पुरले असते, आणि पुष्कळ लोक घाईत तसे लिहितातही. पण आपल्या शब्दात मधे तो 'उत्' आहे. उत्थान, उन्नती, उद्धार यांतलाच. खाली पडलेले वर उठले पाहिजे, नुसते श्वास घेत पडून राहिले तर शब्दाचा एक तुकडा कमी पडतो. व्याकरणाच्या तासाला शिकलेला संधी अतिदक्षता विभागात कामाला येईल असे शाळेत कोणाला वाटले असते?

त्याच्या शेजारचे शब्दही पाहण्यासारखे आहेत. पुनर्जन्म म्हणजे नवे शरीर. जीर्णोद्धार देवळाचा होतो, माणसाचा नाही. पुनरागमन आपल्या बाप्पाचे. तो जातो आणि पुन्हा येतो, त्याला आपण कधीच 'गणपतीचे पुनरुज्जीवन' म्हणत नाही. दर वर्षी मातीच्या मूर्तीत प्राणप्रतिष्ठा करायची, उत्तरपूजा करून तो निरोप द्यायचा आणि माती पाण्यात सोडायची. इथे तर आपण घरच्या बादलीतच सोडतो. प्राण आणणे आणि प्राणाला जाऊ देणे ही दोन्ही कामे एकाच पूजेत येतात, आणि दुसरे काम केले म्हणून कोणी यजमानाला निष्ठुर म्हणत नाही.

घरातल्या बोलीत तर संस्कृत शब्दच नको असतो. "जीवात जीव आला", "जिवावरचे बोटावर निभावले", "अजून धुगधुगी आहे". हा शेवटचा शब्द मला वैद्यकीय परिभाषेतल्या कितीतरी शब्दांपेक्षा नेमका वाटतो. राखेखाली निखारा आहे की नाही हे फुंकर घालून पाहायचे असते. निखारा असेल तर फुंकरीने पेटतो, नसेल तर डोळ्यांत राख जाते.

आता माझ्या व्यवसायाकडे वळते. ज्याला आपण सगळे सीपीआर म्हणतो त्याचे मराठी भाषांतर 'हृदय-फुफ्फुस पुनरुज्जीवन' असे करतात. ही गोष्ट आपण समजतो तेवढी जुनी नाही. १९६० साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून विल्यम कौवेनहोवेन, जेम्स ज्यूड आणि गाय निकरबॉकर या तिघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. बंद छातीवर बाहेरून हातांनी दाब देत राहिले तर थांबलेल्या हृदयातूनही रक्त पुढे ढकलता येते, हे त्यात दाखवले होते. त्याआधी छाती उघडून हृदय हातात घेऊन दाबत असत, म्हणजे शस्त्रक्रियागृहाबाहेर ते जवळजवळ अशक्यच. गंमत म्हणजे यातले कौवेनहोवेन डॉक्टर नव्हते, ते विजेचे अभियंता होते. तोंडाने श्वास देण्याची पद्धत पीटर सफार आणि जेम्स एलम यांनी १९५० च्या दशकात पक्की केली होती. दोन्ही एकत्र आल्या आणि रस्त्यावरच्या कोणाही माणसाच्या हातात, यंत्राशिवाय, मंत्राशिवाय, एक विद्या आली.

ती प्रत्येकाने शिकावी असे माझे ठाम मत आहे. समोरचा माणूस अचानक कोसळला, हाक मारून उठत नाही, नीट श्वास घेत नाही, तर इथे कतारमध्ये ९९९ ला फोन करायचा आणि छातीच्या मध्यभागी, हाडावर, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, मोठ्या माणसाला निदान पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहायचे. मेंदूला रक्त मिळाले नाही तर चार ते सहा मिनिटांत इजा सुरू होते. रुग्णवाहिका कितीही तत्पर असली तरी ती मिनिटे तुमची असतात. चाळिशीतला, कालपर्यंत ऑफिसला जाणारा माणूस जिममध्ये पडला तर त्याच्यासाठी हे जरूर करावे, जीव तोडून करावे. असा माणूस पुढे स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात तपासणीला येतो, तेव्हा पुनरुज्जीवन हा शब्द त्याच्या तीनही तुकड्यांसह खरा ठरतो.

पण याच विद्येबद्दल दूरदर्शन मालिकांनी लोकांची भलतीच समजूत करून दिली आहे. १९९६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक मजेदार अभ्यास आला होता. अमेरिकी मालिकांत सीपीआर दिलेल्या रुग्णांपैकी ७५ टक्के त्या क्षणी वाचलेले दाखवले होते. प्रत्यक्षात रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्यांपैकी घरी परत जाणारे, चांगल्या व्यवस्था असलेल्या देशांतही, दहात एकाच्या आसपास असतात. ज्यांचे सगळे अवयव आधीच थकले आहेत अशा वृद्धांत तर त्याहून खूपच कमी. छातीवर दाब देताना बरगड्या मोडतात, हेही मालिकेत दिसत नाही. विमानतळाचे म्हणाले ना, तेच. आम्ही डॉक्टर मेलेल्याला उठवत नाही. जो अजून पूर्ण गेलेला नाही त्याला मागे खेचतो, आणि मागे खेचण्यासारखे काही उरले असेल तरच.

इथे मला रामायणातला एक तपशील आठवतो, जो आपण सगळे विसरून गेलो आहोत. मारुतीने द्रोणागिरी आणला तो संजीवनीसाठी, एवढेच आपल्या लक्षात राहिले. पण वाल्मीकी रामायणाच्या युद्धकांडात, इंद्रजिताच्या अस्त्राने सगळे सैन्य पडले असता जांबवान हनुमंताला एक नव्हे, चार औषधी आणायला सांगतो. मृतसंजीवनी, विशल्यकरणी, सुवर्णकरणी आणि संधानी. पहिली जीव परत आणणारी. दुसरी अंगात रुतलेले शल्य काढणारी. तिसरी अंगाचा गेलेला वर्ण, कांती परत देणारी. चौथी तुटलेले सांधणारी.

मी हे प्रथम लक्ष देऊन वाचले तेव्हा नोकरीत बरीच वर्षे झाली होती, आणि मला वाटले की जांबवान हा त्या सैन्यातला सर्वांत अनुभवी वैद्य असला पाहिजे. तो स्वतः त्या वेळी बाणांनी जखमी होऊन पडलेला, डोळ्यांनी दिसत नाही असा होता. रुग्णाला काय काय लागते हे त्याला आतून माहीत होते! नुसती मृतसंजीवनी आणली असती तर काय झाले असते? बाण अंगात रुतलेले, हाडे मोडलेली, रक्त गेलेले, आणि तरीही जिवंत, अशी हजारो वानरे रणांगणावर कण्हत पडली असती. जीव आला की वेदनाही येते. मेलेल्याला बाण दुखत नाही.

आधुनिक वैद्यकाने पहिल्या औषधीत विलक्षण प्रगती केली आहे. हृदय थांबले तर चालू करतो, श्वास थांबला तर यंत्र लावतो, रक्तदाब उतरला तर औषधाने चढवतो, मूत्रपिंड थांबले तर रक्त बाहेर काढून धुऊन परत घालतो. बाकीच्या तीन औषधी मात्र दर वेळी मिळतीलच असे नाही. म्हणून कोणाच्या बाबतीत पहिली वापरायची हे ठरवताना दुसरी, तिसरी आणि चौथी आपल्या पिशवीत आहे का, हे पाहिले पाहिजे असे मला वाटते. पुष्कळदा ती नसतात आणि आपल्याला ते माहीतही असते.

आपल्या वाचकांशी याचा संबंध कसा, ते आता सांगते. रात्री अकरा-साडेअकराला फोन येतो. भारतात तेव्हा दोन वाजलेले असतात. फोन करणारे नेहमी वेगळे, गोष्ट मात्र तीच. गावी वडील, ऐंशीच्या पुढचे. आधी पक्षाघात होऊन अंथरुणाला खिळलेले, माणसे ओळखेनाशी झालेली. आता न्यूमोनिया, व्हेंटिलेटर. तिथले डॉक्टर विचारताहेत, हृदय थांबले तर सीपीआर द्यायचा का? तिकडे पाच वर्षे त्यांचे सगळे करणारी बहीण म्हणते, "आता पुरे रे." आणि इकडचा मुलगा मला म्हणतो, "डॉक्टरताई, तुम्ही त्यांच्याशी बोला. त्यांना सांगा, काहीही करा. पैशाची काळजी करू नका. मी उद्याचं तिकीट काढतोय."

डॉक्टरांनी याला १९९१ साली एका निबंधात नावही देऊन टाकले आहे, 'कॅलिफोर्नियाची मुलगी'. इतकी वर्षे लांब असलेले अपत्य अचानक विमानाने येते आणि जवळ राहून सेवा केलेल्यांनी शांतपणे ठरवलेले सगळे उलटवून "सर्व उपचार करा" असा आग्रह धरते. खुद्द कॅलिफोर्नियात म्हणे तिला न्यूयॉर्कची मुलगी म्हणतात! आपल्याकडे तिला दोह्याचा मुलगा म्हणायला हरकत नाही. हसण्यावारी नेऊ नका. त्या आग्रहात प्रेम असते, पण त्या प्रेमाला न दिलेल्या वर्षांची टोचणी लागलेली असते. आपण सगळेच ती टोचणी घेऊन परदेशात राहतो. वडिलांच्या छातीवर दाब देऊन ती कमी होत नाही, हे मात्र कोणीतरी बोलले पाहिजे.

कच-देवयानीची कथा मला म्हणूनच फार आधुनिक वाटते. खाडिलकरांचे 'विद्याहरण' १९१३ चे. त्यामुळे आपल्या आजी-आजोबांना ही कथा पाठ होती. आताच्या मुलांसाठी थोडक्यात सांगायचे तर, असुरांचे गुरू शुक्राचार्य यांच्याकडे संजीवनी विद्या होती. देवांनी ती शिकून यायला कचाला पाठवले. असुरांनी त्याला मारले. देवयानीचा त्याच्यावर जीव, ती बापाकडे रडत गेली, शुक्राचार्यांनी त्याला उठवले. असुरांनी पुन्हा मारले, पुन्हा उठवले. तिसऱ्या वेळी असुरांनी त्याला जाळून ती राख मद्यात घालून शुक्राचार्यांनाच पाजली. महाभारतात या ठिकाणी शुक्राचार्य मुलीची समजूत घालतात. त्याला उठवले तरी ते पुन्हा मारतात, मी काय करू, तू शोक करू नकोस, अशा अर्थाचे ते बोलतात. जगात ज्याच्याकडे संजीवनी विद्या आहे असा एकमेव माणूस म्हणतो आहे, सोडून दे! पण देवयानी अन्नपाणी सोडायला निघते आणि तो मंत्र म्हणतो. कच पोटातून उत्तर देतो. आता कच बाहेर यायचा तर गुरूचे पोट फाडूनच. मग गुरू त्याला आत असतानाच विद्या शिकवतो, तो बाहेर येतो आणि मेलेल्या गुरूला उठवतो.

देवयानीला मी दोष देत नाही. अतिदक्षता विभागाच्या दारात उभी असलेली प्रत्येक मुलगी देवयानीच असते. पण पहिल्या दोन वेळची आणि तिसऱ्या वेळची मागणी सारखी नव्हती, हे शुक्राचार्यांना कळत होते. पहिल्या दोन वेळा कच तरुण, धडधाकट, बाहेरून मारला गेलेला होता. तिसऱ्या वेळी उठवण्याची किंमत कोणाच्या तरी पोटातून वसूल होणार होती. आणि देवयानीला शेवटी मिळाले काय? जिवंत झालेला कच तिला नाही म्हणून निघून गेला.

मारणारे हात तसेच राहिले तर उठवून उपयोग नाही, याचे एक अगदी जवळचे उदाहरण आहे. ज्या ओरिक्सचे चित्र आपण कतारच्या विमानांवर पाहतो, २००६ च्या आशियाई खेळांत ज्याचा बाहुला मुलांनी घरी आणला, तो अरबी ओरिक्स १९७२ च्या सुमारास मोकळ्या रानातून नाहीसा झाला होता. पिंजऱ्यात जपलेल्या मोजक्या जनावरांपासून पैदास करून १९८२ साली ओमानच्या वाळवंटात ते पुन्हा सोडले गेले. कतारनेही शहानियाला त्यांचे कळप जोपासले. २०११ साली त्याचा धोका अधिकृतपणे कमी झाल्याचे जाहीर झाले. रानातून नामशेष झालेला प्राणी इतका वर येण्याची ती पहिलीच वेळ होती. पण मधली गोष्टही सांगितली पाहिजे. १९९६ साली ओमानच्या अभयारण्यात साडेचारशेच्या घरात गेलेले ओरिक्स चोरट्या शिकारीने पासष्टवर आले, अभयारण्याची जमीनही तेलशोधासाठी ९० टक्के कमी केली गेली, आणि २००७ साली युनेस्कोने ते स्थळ जागतिक वारशाच्या यादीतून काढून टाकले. उठवायला बरीच वर्षे लागली, मारायला त्याहून कितीतरी कमी.

मराठीच्या 'पुनरुज्जीवना'विषयीही आपल्या मंडळींत पुष्कळ बोलले जाते. माझे म्हणणे एवढेच की जिवंत माणसाला कोणी सीपीआर देत नाही. घरात बोला, पुरे आहे.

पुन्हा मूळ विषयावर येते. भारतात हा प्रश्न न्यायालयात गेला तो आपल्या मुंबईतूनच. अरुणा शानबाग या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका. नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथेच त्यांच्यावर हल्ला झाला आणि मेंदूला रक्त न मिळाल्याने त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. बेचाळीस वर्षे केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना भरवले, धुतले, कूस बदलवली. त्यांना जाऊ द्यावे अशी याचिका झाली तेव्हा याच परिचारिका विरोधात उभ्या राहिल्या, आणि मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे ऐकले. त्याच निकालात मात्र, काही अटींवर, कृत्रिम जीवरक्षक उपचार थांबवण्याचा मार्गही प्रथमच उघडला गेला. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणाताई गेल्या. या प्रकरणात कोण बरोबर याचे उत्तर माझ्याकडे तयार नाही. त्या परिचारिका संजीवनी घेऊन बसल्या नव्हत्या. त्या फक्त रोज सकाळी गरम पाणी घेऊन येत होत्या. ज्यांनी बेचाळीस वर्षे हातांनी काम केले त्यांच्या शब्दाला, माझ्या मते, फोनवरून बोलणाऱ्यांच्या शब्दापेक्षा जास्त वजन असायला हवे. आणि तोच न्याय त्या "पुरे रे" म्हणणाऱ्या बहिणीलाही लागू होतो.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि 'लिव्हिंग विल'ला, म्हणजे शुद्धीवर असतानाच करून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला, वैधता दिली. तेव्हाची प्रक्रिया इतकी किचकट होती की फार थोड्यांना ती जमली असती. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी केली गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करता येते, न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावे लागत नाही. आपण गावी गेलो की जमिनीचे, फ्लॅटचे, बँकेच्या नॉमिनेशनचे कागद आवर्जून करतो. हा कागद काढायला मात्र जीभ रेटत नाही. आई-वडिलांशी हे कसे बोलायचे? माझा अनुभव असा की म्हातारी माणसे याबाबत मुलांपेक्षा खूप मोकळी असतात. मुलांनी विषय काढायची ती वाट पाहत असतात, आणि मुलांना वाटते त्यांना वाईट वाटेल.

जाता जाता 'जीवदान' या शब्दाविषयीही बोलायला हवे. मेंदू पूर्ण थांबला म्हणजे माणूस गेला, हे भारतीय कायद्याने १९९४ पासून मान्य केले आहे, आणि अशा माणसाचे अवयव दुसऱ्याला खरोखर उठवतात. कतारमध्येही आपल्यासारखे परदेशी रहिवासी अवयवदानाची नोंदणी करू शकतात. चारही औषधी एकाच वेळी हाताशी असण्याचे प्रसंग माझ्या कामात थोडेच येतात, त्यांतला हा एक.

स्मरणिका गणेशोत्सवाची आहे, तेव्हा बाप्पाला सोडून कसे चालेल? खरे तर आपल्या घरात बसलेला देव हा स्वतःच पुनरुज्जीवित झालेला मुलगा आहे. शंकराने शिर उडवले, पार्वतीने आकांत केला आणि मुलगा परत मिळाला, पण हत्तीच्या तोंडाचा. लहानपणी आपण ही गोष्ट सरळ ऐकून घेतो. मेंदूच्या इजेतून वाचलेल्या रुग्णांच्या आया पाहिल्यावर मला ती निराळी ऐकू येऊ लागली. मोटारीच्या अपघातानंतर महिनाभराने डोळे उघडणारा मुलगा हा अपघाताआधीचा मुलगा नसतो. बोलणे जड होते, स्वभाव बदलतो, कधी चेहराही. घरचे विचारतात, "पहिल्यासारखा कधी होईल?" आणि पहिल्यासारखा तो होणार नाही हे सांगताना कुठलाही डॉक्टर अडखळतो. पार्वतीने तोंड पाहून "हा माझा नव्हे" असे म्हटले नाही. तिने त्याला मांडीवर घेतले आणि याला सगळ्यांच्या आधी पूजेचा मान हवा अशी अट घातली. पुनरुज्जीवन मागणाऱ्याने बदललेल्या तोंडाचीही तयारी ठेवायची असते. अशा आया मी पाहिल्या आहेत, इथे दोह्यातही पाहिल्या आहेत, आणि त्यांच्यापुढे वैद्यकातले माझे ज्ञान मला फार तोकडे वाटते.

शेवटी आळंदी. संजीवन म्हणजे जिवंत करणे, आणि हा शब्द मराठी माणसाने लावला कशाला? तर समाधीला! १२९६ साली एकविसाव्या वर्षी ज्ञानेश्वर आपण होऊन समाधीत बसले, तिला आपण संजीवन समाधी म्हणतो. परंपरा असे सांगते की नेवाशाला त्यांनी गतप्राण झालेल्या सच्चिदानंद बाबांना उठवले, आणि तेच पुढे ज्ञानेश्वरीचे लेखक झाले. हातात ही विद्या असलेला माणूस स्वतःसाठी ती न वापरता पायऱ्या उतरून गेला. भावंडे बाहेर उभी होती, नामदेव रडत होते. त्यांना थांबवायचे कोणाच्या मनात आले नसेल असे नाही.

त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी पैठणच्या एकनाथांना स्वप्न पडले, अशी कथा आहे. अजानवृक्षाची मुळी माझ्या गळ्याला लागली आहे, ती येऊन काढ, असे ज्ञानदेवांनी सांगितले. नाथ आळंदीला आले, समाधीत उतरले. ज्ञानदेवांना बाहेर आणण्याचा विचार त्यांनी केला नाही, तसे त्यांना कोणी सांगितलेही नव्हते. त्यांनी गळ्याभोवतीची मुळी सोडवली आणि समाधी पुन्हा बंद केली. जांबवानाच्या यादीतली दुसरी औषधी, विशल्यकरणी, ती हीच. ज्यांना उठवायचे नसते त्यांचेही दुखणे काढायचे असते. मॉर्फिनची योग्य मात्रा, ओला केलेला ओठ, कुशीखाली नीट सारलेली उशी, हे त्यातलेच काम आहे, आणि "आता काही करण्यासारखे नाही" असे म्हणणाऱ्या डॉक्टरचा मला म्हणूनच राग येतो.

मग नाथ परत गेले आणि ज्ञानेश्वरीच्या मिळतील तेवढ्या पोथ्या गोळा करून बसले. तीन शतकांत नकला करणाऱ्यांनी त्यात आपापल्या ओव्या घुसडल्या होत्या, शब्द बदलले होते. एकेक पाठ ताडून पाहत, भर घातलेले काढत, त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे हिच्यात कोणी आपली ओवी मिसळू नये अशी ताकीद शेवटी लिहून ठेवली. पुढच्या पिढ्यांनी घरोघर जी ज्ञानेश्वरी वाचली ती बहुतांशी हीच.